पिरियड रोमान्सची डिस्क घेताय? आधी बॉक्स उलटा करून बघा

ठाण्याच्या नौपाड्यात आमचा एक वाचनकट्टा आहे. कट्टा म्हणजे काय, तर आम्ही सात-आठ बायका, महिन्याला एक कादंबरी आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये चहा-पोहे. कादंबरी वाचून झाली की तिच्यावरचा पिक्चर बघायचा हा नियम आम्हीच केलेला. तर मागच्या पावसाळ्यात जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून झाली, भाची परदेशातून येणार होती तिला सांगून मी २००५ च्या पिक्चरची डीव्हीडी मागवली, सगळ्याजणी छत्र्या झटकत आल्या, पडदे ओढले, डिस्क आत टाकली आणि स्क्रीनवर मेसेज, रिजन चुकीचा, डिस्क चालणार नाही. मग काय, पोहे खाल्ले, कोण कुठल्या बहिणीसारखी आहे यावर भांडलो आणि सगळ्या आपापल्या घरी. सासूबाई आतून म्हणाल्या, "झाला का गं सिनेमा?"

त्या दिवसानंतर मी या विषयात जरा जास्तच शिरले. आता मैत्रिणी डिस्क घेण्याआधी मला बॉक्सच्या पाठचा फोटो पाठवतात, दर वेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

आता डिस्क कोण घेतं, सगळं ऑनलाइन मिळतं की, असं म्हणणारे म्हणतीलच. मिळतं, पण आज असतं आणि पुढच्या महिन्यात नसतं, आणि दुसरं म्हणजे तिथे तुम्हाला कुठली आवृत्ती दाखवतायत ते कळायला मार्ग नाही. मारामारीच्या पिक्चरला त्याने फारसं बिघडत नसेल. पण पिरियड रोमान्स म्हणजे जुन्या काळातली प्रेमकथा, तिच्यात घडतं काय तर खोलीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मधे मेणबत्त्या आणि एक अर्धवट वाक्य. कडा कापल्या, अंधार पांढुरका झाला किंवा ते वाक्य ऐकू नाही आलं तर उरतात फक्त भारी कपडे.

तर पहिली गोष्ट रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय ते. डीव्हीडीच्या बॉक्सवर मागे छोटा पृथ्वीचा गोळा असतो, त्यात आकडा असतो. अमेरिका-कॅनडा १, ब्रिटन-युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, आपण ५, चीन ६. शून्य किंवा 'ऑल' लिहिलेलं असेल तर कुठेही चालते, हिंदी पिक्चरच्या कितीतरी डीव्हीडी अशाच असतात. ब्लू-रेला आकडा नाही, अक्षर असतं: अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. आणि फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजनची भानगडच नाही, पण त्यासाठी प्लेअर फोर-केचाच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती डिस्क चालत नाही. घरात मुलाचं प्लेस्टेशन ५ (पीएस-५) असेल, डिस्कवालं, तर त्यावर फोर-के डिस्क चालते, पीएस-४ वर नाही चालत. फोर-के बॉक्समध्ये बरेचदा साधी ब्लू-रे पण दिलेली असते, तिला मात्र रिजन असू शकतो, फसू नका.

प्लेअर घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं, मल्टि-रिजन आहे का, आणि तो मान डोलावून हो म्हणाला तरी आपल्याकडची बाहेरची डिस्क पिशवीत घेऊन जायची आणि तिथेच लावून बघायची. आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर असंच केलं, चौथ्या दुकानात डिस्क चालली. एचडीएमआय असलेलाच घ्या, कारण पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची भोकंच नव्या टीव्हींना बरेचदा नसतात. आणि एक, लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन बदलता येतो पण तो फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो तिथेच चिकटतो. मुलांना "करून बघ रे जरा" म्हणून लॅपटॉप हातात देऊ नका. आमच्याकडे चार बदल एका रविवारी संपले.

आता आवृत्ती. याच्यावर मी दहा मिनिटं सहज बोलू शकते. २००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या, जो रायटचा, किरा नाइटलीवाला. ब्रिटनमध्ये तो पिक्चर संपतो तो नायिका एलिझाबेथचे बाबा लग्नाला होकार देतात तिथे. अमेरिकेत पुढे अजून एक सीन आहे, रात्रीची वेळ, पेंबर्लीच्या, म्हणजे नायक डार्सीच्या वाड्याच्या, आवारात दोघं नवराबायको निवांत बसलेली, तो तिला पुन्हापुन्हा मिसेस डार्सी म्हणतो. आमच्या कट्ट्यात यावरून दोन तट आहेत. मला स्वतःला बाबांवर संपलेला आवडतो, पुस्तकात कुठे आहे असं गुलूगुलू बोलणं? पण आमच्या वर्तक नगरच्या वहिनी म्हणतात, दोन तास वाट बघायला लावली, मग एवढं तरी दाखवा की. तुम्ही कुठल्या तटात ते तुमचं तुम्ही ठरवा, सांगायचं इतकंच की डिस्क कुठल्या देशासाठी काढलीय त्यावर शेवट कुठला ते ठरू शकतं, म्हणून मागवायच्या आधी वर्णन नीट वाचा, विकणाऱ्याला विचारा.

मग बॉक्सवरची मिनिटं बघायची. इथे एक गंमत आहे. पिक्चर सेकंदाला २४ चित्रं या वेगाने शूट होतो, आणि ब्रिटन-युरोपच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ च्या वेगाने पळवतात. म्हणजे चार टक्के जोरात. थिएटरमध्ये १२५ मिनिटांचा पिक्चर पाल डीव्हीडीवर १२० मिनिटांत संपतो, आणि लोक ओरडतात पाच मिनिटं कापली. कापलेलं काही नसतं. तर हिशोब असा करायचा, मूळ मिनिटांना ०.९६ ने गुणायचं, उत्तर बॉक्सवरच्या मिनिटांशी जुळलं तर पिक्चर पूर्ण आहे, त्याहून बरंच कमी असेल तर मात्र कात्री लागलीय असं समजा. वेग वाढला की आवाजाची पट्टीही थोडी चढते, अर्ध्या स्वराला जरा कमी एवढी. तुम्हाआम्हाला कळत नाही, पण आमच्यातल्या एक काकू पेटी वाजवतात, त्या पियानो सुरू झाल्या झाल्या म्हणाल्या, हे वर का वाजतंय? ब्लू-रे बहुतेक २४ वरच चालते त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

अमेरिकन एनटीएससी डीव्हीडीत वेग बदलत नाही पण चित्राच्या ओळी कमी, ४८०, पालमध्ये ५७६. आणि व्हीसीडी? २००० च्या सुमाराला आपण सगळ्यांनी घेतल्या, पुढेपुढे २८ रुपयांत पण मिळायला लागल्या होत्या, दोन डिस्कचा सेट, ऐन विरहात उठून दुसरी डिस्क लावायची. चित्र ३५२ बाय २८८. आजच्या ४३ इंची टीव्हीवर ती लावली की पारोचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन दिसतात. आठवण म्हणून ठेवा, बघायला नाही.

चित्राचा आकार हा सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा भाग. बॉक्सवर 'फुल स्क्रीन' लिहिलं असेल तर ते चांगलं वाटतं ना ऐकायला, पूर्ण स्क्रीन भरणार! प्रत्यक्षात उलट आहे. पूर्वीच्या चौकोनी टीव्हीसाठी रुंद चित्राच्या दोन्ही बाजू कापून केलेली ती आवृत्ती, २.३५ रुंदीचा, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद, पिक्चर ४:३ मध्ये बसवला तर जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं. म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या नेदरफिल्डच्या नाचाचा तो लांबच्या लांब शॉट, कॅमेरा खोल्याखोल्यांतून फिरतोय, एकीकडे आई बडबडतेय, एकीकडे बहीण कोमेजलीय, त्यातलं निम्मं गायब. 'वाइडस्क्रीन' असं लिहिलेलीच घ्यायची, आणि त्याच्यासोबत 'अॅनामॉर्फिक' किंवा 'एनहान्स्ड फॉर १६:९' हे शब्द शोधायचे. ते नसतील तर आजच्या टीव्हीवर चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट येते, तसबीर टांगल्यासारखी, आणि झूम केलं की फुसकं दिसतं. वरखाली काळे पट्टे येणं मात्र बरोबर आहे, त्यावरून घरात कुणी "टीव्ही बिघडलाय" म्हणालं तर समजावून सांगा आणि रिमोट लपवा.

हा आकाराचा वाद मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. स्टॅन्ली कुब्रिकचा १९७५ चा 'बॅरी लिंडन', थॅकरेच्या कादंबरीवरचा, ज्याचे मेणबत्तीतले सीन खऱ्या मेणबत्त्यांच्या उजेडात घेतलेत आणि त्यासाठी नासाकरता बनवलेली एफ ०.७ ची झाइस लेन्स वापरली, त्याची ब्लू-रे २०११ मध्ये आली ती १.७८ आकारात. मग कुब्रिकचं थिएटरच्या ऑपरेटर लोकांना लिहिलेलं जुनं पत्र पुढे आलं, त्यात १.६६ स्पष्ट लिहिलेलं. २०१७ मध्ये जी वेगळी ब्लू-रे निघाली ती १.६६ मध्ये. तेव्हा नवीन आवृत्ती म्हणजे चांगलीच असेल किंवा पहिली म्हणजे अस्सलच असेल, असं काही नसतं, बघूनच घ्यायचं.

आपल्याकडच्या पिक्चरांत निराळी पंचाईत. एकाच कादंबरीवर एकाच नावाचे तीन-तीन पिक्चर. शरदबाबूंची, म्हणजे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची, 'परिणीता' १९१४ ची, तिच्यावर बिमल रॉयचा १९५३ चा पिक्चर आहे मीनाकुमारी-अशोककुमारचा, आणि प्रदीप सरकारचा २००५ चा, ज्याच्यात गोष्ट उचलून १९६२ च्या कलकत्त्यात नेलीय. 'देवदास' तर विचारूच नका, सैगलचा, दिलीपकुमारचा, शाहरुखचा. नुसतं नाव टाकून ऑर्डर दिलीत तर भलताच घरी येतो, दिग्दर्शक आणि वर्ष दोन्ही बघायचं. आमच्यात कट्ट्यासाठी १९५५ चा 'देवदास' मागवायचा होता, आलं एक '३-इन-१', एका डीव्हीडीवर तीन पिक्चर. आता डबल लेअर डिस्कवर मावतात साडेआठ जीबी, त्यात अडीच-अडीच तासांचे तीन पिक्चर कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला येणार किती? धुकं दिसावं तिथे चौकोन नाचतात. वर कोपऱ्यात कंपनीचा लोगो पूर्ण वेळ, आणि एक गाणं सापडलंच नाही. म्हणून एका डिस्कवर एकच पिक्चर हा माझा नियम, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील. गाण्यांची यादी बॉक्सवर असते, ती आठवणीतल्या गाण्यांशी ताडून बघायची.

कादंबरी आधी वाचायची असेल तर मामा वरेरकरांनी शरदबाबूंना मराठीत आणून ठेवलंय, आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे ते.

मिळणार कुठे हा खरा प्रश्न. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्येच बंद झालं, मॉलमधल्या दुकानांतले डिस्कचे रॅकही गेले. आता ऑनलाइन, नाहीतर रद्दीवाले, नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, जिथे घर रिकामं करणारं कुणीतरी खोकंभर डिस्क फुकट देतं. मला घोडबंदरच्या एका आजोबांकडून अशा चाळीस मिळाल्या, त्यात ऑस्टिनच्या तीन. बाहेरून पार्सल मागवलंत तर डिस्कच्या किमतीवर शिपिंग, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच हिशोब करा, नाहीतर दारात कुरिअरवाला पैसे मागतो तेव्हा चेहरा पडतो. सेकंडहँड घेताना डिस्क उजेडात तिरकी धरून बघायची. खालची बाजू चंदेरी असेल तर छापील डिस्क, जांभळट-निळसर दिसली तर घरी बर्न केलेली डीव्हीडी, कव्हर कितीही गुळगुळीत असू दे. अशी कॉपी चोरीची तर आहेच, वर पाच-सात वर्षांत अडकायला लागली तरी नवल नाही.

ओरखडे कुठल्या बाजूला आहेत तेही बघा. डीव्हीडीत माहितीचा थर दोन ०.६ मिलिमीटरच्या पापुद्र्यांच्या मधे असतो, म्हणून खालचे बारीक ओरखडे ती बरेचदा सहन करते. ब्लू-रेत तोच थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, वर कडक कोटिंग असतं म्हणून एरवी टिकते, पण एक खोल चरा गेला की संपलं. आणि सीडी-व्हीसीडीत तो थर लेबलच्या लगेच खाली, त्यामुळे वरून बॉलपेनने नाव लिहिणारे लोक नकळत गाणी खोडत असतात.

आता लावायची. टीव्हीचा पिक्चर मोड 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा, 'व्हिव्हिड' हा शोरूमसाठी असतो, त्यात मेणबत्तीतली नायिका हळद लावल्यासारखी दिसते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. फिल्मवर शूट केलेल्या पिक्चरमध्ये बारीक रवाळपणा असतो, तो घाण नाही, तो फिल्मचाच पोत आहे, नॉइज रिडक्शन लावून तो पुसलात तर चेहरे मेणाचे होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोशनवालं सेटिंग बंद. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रुमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस अशी नावं आहेत, ते चालू असलं की टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करतो आणि दोनशे वर्षांपूर्वीचा वाडा संध्याकाळच्या सिरियलच्या सेटसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. सासूबाईंना तसाच आवडतो, म्हणून आमच्याकडे पिक्चर संपला की ते परत चालू करून ठेवायचं असा करार झालाय.

आवाजाचं म्हणाल तर अशा पिक्चरात कुजबूज ऐकू येत नाही आणि घोडागाडी आली की शेजारी दार वाजवतात. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर ऑडिओ मेनूतून ५.१ ऐवजी २.० निवडा, असेल तर, आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असतं ते लावा, मोठा आवाज दबतो, बारीक वर येतो. सबटायटल लावाच, इंग्रजी येत असलं तरी लावा, त्या काळची वाक्यं वळणावळणाची असतात. पण बॉक्सवर सबटायटल हा शब्द हवा. नुसतं 'सीसी' लिहिलेल्या अमेरिकन डीव्हीडीतलं लिखाण एचडीएमआयच्या वायरीतून येतच नाही, तासभर रिमोटशी खेळत बसाल. मराठी सबटायटलची वाट बघू नका. आणि पिक्चरच्या मधेच कधीतरी क्षणभर चित्र थबकलं तर घाबरायचं नाही, डबल लेअर डीव्हीडीत एक थर संपून लेझर दुसऱ्यावर जातो तेव्हा तसं होतं. आमच्याकडे ते नेमकं मागणी घालायच्या सीनला झालं, सगळ्यांना वाटलं दिग्दर्शकाने मुद्दाम थांबवलंय.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून तीस जणांना दाखवायचा विचार असेल तर जरा थांबा, सुरुवातीला जी सूचना येते आणि आपण पुढे ढकलायला बघतो, तिच्यात हेच लिहिलेलं असतं की डिस्क घरगुती बघण्यापुरती आहे. जाहीर दाखवायला परवानगी लागते. हॉलमध्ये सात-आठ मैत्रिणी, ठीक आहे.

राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा अशी की मीठ वाहतं आणि चपला हिरव्या होतात, डिस्क कशा सुटतील? मी पहिली दोन वर्षं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावलं होतं, तीच ओल येणारी भिंत, ऑगस्टमध्ये काढून बघते तर कव्हरातले कागद चिकटलेले आणि तीन डिस्कवर बुरशीची नक्षी. तेव्हापासून डिस्क बाहेरच्या भिंतीपासून लांब, उभ्या, पुस्तकासारख्या ठेवते, आडव्या थप्पीत नाही. चपलांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या जमवून बंद डब्यात टाकते, दर पावसाळ्यात नव्या. साड्यांच्या कपाटात ठेवू नका, डांबराच्या गोळ्या प्लास्टिकला चांगल्या नाहीत. मऊ प्लास्टिकच्या पाउचपेक्षा कडक केस बरी.

बुरशी आलीच तर डिस्क नळाखाली कोमट पाण्याने, थेंबभर भांड्याच्या लिक्विडने धुवा, आणि चष्म्याच्या मऊ कापडाने मधून बाहेर असं सरळ पुसा. गोल गोल नाही, वर्तुळात चरा पडला तर लेझर बराच वेळ त्याच चऱ्यावर राहतो. पदराने, टॉवेलने, टिश्यूने नाही. टूथपेस्टने घासायचा जो घरगुती उपाय फिरतो तो मी एका डिस्कवर करून बघितला. ती आता चहाच्या कपाखाली असते. केसमधून काढताना मधली कळ दाबायची, कडेला धरून खेचायचं नाही, वाकवल्याने मधल्या भोकाशी तडा जातो. प्लेअर पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास नुसता चालू ठेवा, आतली ओल जाते.

आणि उसनी देताना वहीत लिहून ठेवा, कुणाला, कधी, कितव्या नंबरची डिस्क. आमच्याकडे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची सहा भागांची सिरियल होती, १९९५ ची बीबीसीवाली, कॉलिन फर्थची, दोन डिस्कचा सेट. गणपतीत एका मैत्रिणीने नेली, दिवाळीत केस परत आली, आत पहिलीच डिस्क. दुसरी तिच्या प्लेअरमध्ये राहिली, प्लेअर तिने मुलाला दिला, आणि मुलगा आता खारघरला राहायला गेलाय.